म्हशींच्या वतीने माझी नणंद

जगातल्या सगळ्या माणसांकडे माणूस म्हणून न बघता गाभण म्हैस म्हणून बघितलं, तर निम्मी भांडणं उद्याच्या उद्या मिटतील, असं मनापासून मानणारी बाई अख्ख्या भंडारा जिल्ह्यात एकच असेल आणि ती नेमकी माझी नणंद आहे. तिच्या तोंडी 'म्हैस' ही शिवी नाही, पदवी आहे. मी नवी नवरी म्हणून उंबरठा ओलांडला, तेव्हा तिने मला नखशिखान्त न्याहाळलं आणि भरल्या घरात सासूबाईंना सांगितलं, "डोळे स्वच्छ आहेत, चाल बरी आहे. नवीन जागी आली आहे, बुजली आहे. चार दिवस कोणी अंगाला हात लावू नका, खाऊ-पिऊ द्या, आपोआप रुळते." मला त्या क्षणी धरणीने पोटात घ्यावं असं झालं. पण पुढचे चार दिवस मला कुणी हंडा उचल म्हटलं नाही की पोळ्या लाट म्हटलं नाही, आणि माझ्या बरोबर लग्न झालेल्या मैत्रिणी तिसऱ्या दिवसापासून चुलीपुढे रडत होत्या. तेव्हापासून ताईच्या शास्त्राबद्दल माझ्या मनात आदर आहे. तो मी तिला कधी कळू दिला नाही, कारण आदर दाखवला की ती जास्त बोलते.

आमचं घर मुळात आंधळगावचं, हातमागावर रेशीम विणणारं. माझ्या नवऱ्याने भंडाऱ्यात साड्यांचं दुकान टाकलं आणि आम्ही शहरवासी झालो. ताई त्याची थोरली बहीण. घरातल्या सगळ्या पोरी धोटा चालवायला शिकल्या आणि ही मात्र मागाच्या खड्ड्यात बांधायला शेळीचं पिल्लू आणायची. पुढे ती नागपूरला जाऊन ढोरांची डॉक्टरीण झाली, लग्नाचा विषय निघाला की "सध्या म्हशी विण्याचा हंगाम आहे" असं सांगत राहिली, आणि तो हंगाम नोकरी संपेपर्यंत चालला. तिची बरीचशी नोकरी अड्याळच्या दवाखान्यात झाली. मधे जिल्हा फुटला, गोंदिया वेगळा झाला, आणि कपाटं, खुर्च्या, माणसं यांची वाटणी सुरू झाली. वरून विचारणा आली की आपण कुठल्या जिल्ह्यात जाऊ इच्छिता. ताई म्हणाली, "म्हशींना जिल्हा नसतो, तलाव असतो. जिथे माझ्या म्हशी डुंबतात तिथे मी." साहेबांनी हे उत्तर कोणत्या रकान्यात लिहिलं कोण जाणे, पण ती अड्याळलाच राहिली.

निवृत्त झाल्यावर ती आमच्याकडे राहायला आली आणि काही दिवसांतच तिला दिल्लीहून फोन आला. शेतकऱ्यांच्या घरी पाळल्या जाणाऱ्या गाई-म्हशी, शेळ्या, कोंबड्या यांना कसं ठेवावं, याची सगळ्या देशासाठी मानकं ठरवायची होती. जागा किती द्यावी, दावं किती लांब असावं, पाणी कुठे ठेवावं, गाडीतून नेताना काय बघावं. त्या समितीत मोठमोठे प्राध्यापक होते, आणि गावपातळीवर काम केलेलं कुणीतरी हवं म्हणून ताईचं नाव कुणी सुचवलं होतं. फोन ठेवून ती म्हणाली, "सरकारले शेवटी समजलं." मी विचारलं, "काय समजलं?" ती म्हणाली, "मले विचारायला पाहिजे हे."

त्या दिवसापासून आमच्या घरातून शांतता गेली. कारण जे मानक जनावराला लावायचं ते आधी माणसाला लावून बघायचं, हा तिचा नियम. पहिला मान कोंबडीचा. पिंजऱ्यातल्या कोंबडीला वर्तमानपत्राच्या एका पानाएवढीसुद्धा जागा मिळत नाही, हे तिने आम्हाला सांगितलं, आणि आम्ही "अरेरे" म्हटलं. तेवढ्यावर तिचं समाधान झालं नाही. तिने माझ्या नवऱ्याच्या हातातला पेपर काढून घेतला, पान जमिनीवर पसरलं आणि म्हणाली, "बस यावर." माझा नवरा साड्यांचा व्यापारी, गिऱ्हाइकाला नाही म्हणायची सवय नसलेला. तो बसला. "ताई, आजचा पेपर आहे, मी वाचला नाही अजून." "कोंबडीनंही वाचला नसते." चहा तिथेच, पोहे तिथेच, दुकानाचे फोन तिथेच. पाय बाहेर गेला की ताई चमच्याने आत ढकलायची. जेवायच्या वेळेपर्यंत तो इतका चिडला की त्याने आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर आवाज चढवला. ताईला अत्यानंद झाला. "पाहिलं? टोचून राहिला! कोंबड्या एकमेकींना काहून टोचतात ते समजलं?"

बाहेर नेलं तरी तेच. एका लग्नात बुफे होता. टेबलाभोवती झुंबड उडाली होती. ताई हाताची घडी घालून बघत उभी राहिली आणि मग सरळ मुलीच्या बापाकडे गेली. "गव्हाण आखूड आहे तुमची. दांडगे पुढे घुसून राहिले आणि म्हातारे, लेकुरवाळ्या मागं उपाशी उभ्या आहेत. दोन बाजूंनी वाढा." एवढ्यावर न थांबता तिने नवरीच्या एका भरदार मामांना दंडाला धरून रांगेच्या बाहेर काढलं आणि एका आजीला तिथे उभं केलं. मामा भांबावून मला म्हणाले, "या कोण?" मी म्हटलं, "समितीवर आहेत." मामा आपणहून आणखी एक पाऊल मागे सरले. समिती शब्दात एक ताकद असते. पण पवनीच्या एसटीत ही ताकद चालली नाही. गाडी खच्चून भरलेली होती. ताई कंडक्टरला म्हणाली, "इतक्या बकऱ्या या जागेत भरल्या असत्या ना, तर मी गाडी अडवली असती." कंडक्टरने तिकीट फाडत शांतपणे उत्तर दिलं, "बकऱ्या असत्या त मीच भरल्या नसत्या बाई. त्या 'सरका मागं' म्हटलं त सरकत नाहीत."

पण या सगळ्यांवर कळस चढला तो दाव्याच्या दिवशी. दावं एवढं लांब हवं की जनावराला बसता, उठता, मान वळवून अंग चाटता यावं आणि पाण्यापर्यंत जाता यावं, असं तिला लिहायचं होतं. मी दुपारचं आवरून डोळा लावला होता. तिने अंगणातल्या पेरूच्या झाडाला दोर बांधला, दुसरं टोक स्वतःच्या कमरेला, समोर पाण्याची बादली, खाली तणस म्हणजे धानाचा पेंढा, आणि त्यावर ती बसली. गाठ तिने जनावराची मारली होती, म्हणजे ओढली की घट्ट होणारी, आणि ती मागच्या बाजूला होती. व्हायचं ते झालं. तिला सुटता येईना. हाका मारायला ती तयार नव्हती, कारण प्रयोग बिघडतो. तेवढ्यात शेजारच्या काकू कढीलिंब मागायला आल्या. त्यांनी फाटकातून बघितलं ते हे, की माझी साठी उलटलेली नणंद झाडाला बांधलेली, पुढे बादली, बुडाखाली पेंढा, आणि मी घरात घोरत पडलेली.

"माय वो! बाई, कोनं बांधलं तुमाले?"

ताईने सत्य सांगितलं असतं तर प्रश्न नव्हता. पण ती विचारात होती. ती म्हणाली, "थांबा जरा, दोर आखूड आहे. वहिनीले म्हणते लांब द्यायला."

काकू कढीलिंब विसरून गेल्या. संध्याकाळच्या आत दुकानावर बातमी पोचली. माझा नवरा गिऱ्हाईक सोडून धापा टाकत आला. आंधळगावहून चुलत सासऱ्यांचा फोन आला, "सूनबाई, राग असन तं आमाले सांगा, पन मोठ्या मानसाले असं बांधून ठेवनं बरं नाही." मी रडकुंडीला आले. ताई मात्र सुटल्यावर पाठ चोळत एवढंच म्हणाली, "दावं लांब असलं तरी गळफास गाठ नको, हेही लिहावं लागते." मोहल्ल्यातल्या बायका मला त्यानंतर कितीतरी दिवस फार अदबीने वागवत होत्या, हा एक फायदा झाला.

या सगळ्या मानकांत तिचा सर्वात लाडका नियम एकच होता. कळपात राहणाऱ्या जनावराला एकटं ठेवू नये. त्याला त्याच्या जातीचं दुसरं जनावर दिसत तरी असावं. हा नियम तिने स्वतः सुचवला होता. दिल्लीच्या शेवटच्या बैठकीआधी लोकांची मतं घ्यावीत म्हणून तिने पवनीकडच्या आसगावात, तिथल्या समाजमंदिरात सभा घेतली, आणि मीही गेले. लोकांनी ऐकून घेतलं. जागेचा नियम ऐकून एक जण म्हणाला, "म्हशीले इतकी जागा देतो बाई, पन मंग आमी झोपाव कुठी?" हशा झाला. एकटं न ठेवण्याचा नियम आला तेव्हा मागून एका बाईने विचारलं, "नवरा पुन्याले कामाले गेला त बायकोले बी हा नेम लागू हाये का?" पुन्हा हशा झाला, पण या वेळी तो जरा लवकर थांबला. एकंदरीत सभा झकास झाली असं ताईचं मत पडलं.

मग अड्याळच्या जनावरांच्या बाजाराचा दिवस आला. सकाळी ताईने डोक्याला मेंदी लावली होती आणि ती ओट्यावर वाळत बसली होती. दवाखान्यातल्या तिच्या जुन्या परिचराचा फोन आला. "बाई, आसगावची एक बुढी आली बाजारात, आपली म्हैस घेऊन. रडून राहिली अन् इकून राहिली. म्हनते सरकारनं एकटी म्हैस ठेवाले बंदी केली. भंडाऱ्याच्या बाईनं सभेत सांगतलं म्हनते."

ताईचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. ती उठली, डोक्यावर प्लास्टिकची पिशवी बांधली, स्कुटी काढली आणि म्हणाली, "बस मागं." मी म्हटलं, "मेंदी?" ती म्हणाली, "बस!" आम्ही पवनी रोडने निघालो. वाऱ्याने पिशवी उडाली. वाळलेल्या मेंदीचे पोपडे माझ्या तोंडावर येत होते आणि पुढून ताई अखंड बोलत होती, "मसुदा म्हटलं होतं मी! मसुदा म्हटलं होतं ना? ठरलं आहे असं कुठी म्हटलं?" मी ओरडून हो म्हणत होते.

बाजारात आम्ही पोचलो तेव्हा सौदा ठरत आला होता. एक उंच व्यापारी म्हशीच्या दाव्याला हात घालून उभा होता, आणि बुढी, एकट्या जिवाची विधवा, म्हशीच्या मानेवर हात टाकून उभी होती. दावं त्याच्या हातात आणि म्हैस हिच्या मिठीत, असा तो सौदा अडला होता. हिरव्या-तपकिरी डोक्याची ताई गर्दीतून घुसली तेव्हा बाजूचे दोन बैल बुजले. तिने व्यापाऱ्याच्या हातातून दावं घेतलं.

"बंदी नाही! कसलीही बंदी नाही. माझी चूक झाली, मी नीट सांगितलं नाही."

व्यापारी म्हणाला, "तुमी कोन?"

"हेच ते बाई!" बुढी एकदम उसळली. रडं थांबून तिला राग आला होता. "तुमीच म्हनता एकटी ठेऊ नोका, अन् तुमीच म्हनता इकू नोका. दुसरी म्हैस मी आनू कुठून? सांगा ना!"

चारचौघं जमली होती.  ताई तिथेच, बाजाराच्या धुळीत, खाली बसली. म्हशीने तिच्या डोक्यावरची मेंदी हुंगली आणि जोरात फुसकारली. कुणीतरी हसलं. ताई हसली नाही. तिने विचारलं, "दिवसभर एकटीच असते का ती?"

"एकटी कायले? मी हाओ ना! धानाच्या बांधीवर जातो त संग, तलावावर जातो त संग. माही खाट बी म्हशीच्या कोठ्यातच. मी पडलो त तीबी बसते, मी उठलो त उठते."

"मग ती एकटी कशी?"

"तेच त मी इचारून राहिलो तुमाले!"

ताईने एकदा तिच्याकडे, एकदा म्हशीकडे बघितलं. मग उठून तिने दावं बुढीच्या हातात दिलं. व्यापारी बिचारा तोंड पाडून म्हणाला, "तुमच्या त्या कायद्यात आमच्यासारख्याच्या सौद्याचं काई लिवलं का वो बाई?" ताईने त्याला, बुढीला, परिचराला आणि मला चहा पाजला. मग बुढी म्हैस हाकत आसगावच्या वाटेला लागली आणि ताई रस्त्याच्या कडेला उभी राहून, ती वळणाआड होईपर्यंत बघत राहिली. परतताना तिने गाडी मला चालवायला दिली. 

दिल्लीच्या बैठकीची हकीकत तिच्याच तोंडून ऐकलेली. नियम तिचाच होता आणि तिनेच त्यात दुरुस्ती मागितली. दुसरं जनावर नसेल तर ओळखीच्या माणसाची नित्य सोबत चालावी. एका विद्वान सदस्यांनी चष्मा पुसत विचारलं की हे मोजणार कसं, माणूस ओळखीचा आहे हे ठरवणार कोण. ताई म्हणाली, "म्हैस." सगळे हसले. ती म्हणाली, "हसा, पण तुम्ही इथे बसलेले सगळे त्या कोठ्यात गेलात आणि ती बुढी गेली, तर म्हैस कोणाकडे वळते ते मी आत्ता सांगू शकते. ज्याला मोजायचं असेल त्याने जाऊन बघावं." वादावादी झाली. चहा झाला. पुन्हा वादावादी झाली. शेवटी तिचं वाक्य राहिलं, पण त्याच्या आधीच्या मूळ नियमात कुणीतरी 'शक्यतो' हा शब्द घातला. शक्यतो एकटं ठेवू नये.

पुस्तिका छापून आली तेव्हा ताईने तेवढंच पान उघडून बघितलं. आठवडाभर घरात तो शब्द उच्चारायची चोरी झाली. माझा नवरा चुकून म्हणाला, "शक्यतो लवकर येतो," तर ती म्हणाली, "शक्यतो जेवशीलही मग." आणि एक दिवस तिने शांतपणे जाहीर केलं की ती आसगावला राहायला जाणार. बुढीच्या शेजारी दोन खोल्या रिकाम्या आहेत, घरमालकाशी बोलणं झालं आहे. "पुस्तिका कोणी वाचणार नाही," ती म्हणाली, "वाचली तर उलटी वाचतील. मागच्या वेळेसारखी. सांगायला कोणीतरी तिथी पाहिजे."

आम्ही पुष्कळ समजावलं. गुडघे दुखतात, इथे दवाखाना जवळ आहे, तिथे करमणार नाही. ती ऐकून घेत होती आणि पेटी भरत होती. निघताना मी वाकून नमस्कार केला, तर पाठीवर हात ठेवून म्हणाली, "बुजू नको." मला सून येण्याचं वय झालं होतं तेव्हा. मला हसू आलं, मग दुसरंच काहीतरी आलं, आणि मी चहाचे कप उचलायला आत गेले.

आता ती तिथे आहे. सकाळी बुढीबरोबर तलावावर जाते, दुपारी ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याशी दाव्याबद्दल, पाण्याबद्दल, उन्हात बांधण्याबद्दल भांडते, आणि लोक ऐकतात म्हणे. आमच्या घरी आता सगळं जागच्या जागी असतं. नवरा दिवसभर दुकानात, मुलगा नोकरीसाठी लांब. दुपारी ताईचा फोन येतो. दवाखान्यात कुणी जनावर आणलं की ती मालकाला ठरावीक प्रश्न विचारायची, म्हणे, आणि ते तिच्या तोंडात इतके बसले आहेत की तिला दुसऱ्या तऱ्हेने कुणाची चौकशी करताच येत नाही.

"खाणं कसं आहे?"

"बरं आहे."

"पाणी पितेस?"

"पिते."

"उठताना-बसताना त्रास?"

"थोडा. कमरेत."

"दुसऱ्यांत मिसळतेस का?"

या प्रश्नाला मला दर वेळी थोडा वेळ लागतो. ती घाई करत नाही. पलीकडे कोंबड्यांचा, भांड्यांचा, कुणाकुणाच्या बोलण्याचा आवाज येत असतो. मग एकदम म्हैस रेकते, आणि ताई म्हणते, "थांब गे, फोन ठेवू नको, पाहून येते." मी ठेवत नाही. रिकाम्या स्वयंपाकघरात फोन कानाला लावून मी उभी राहते, आणि आसगावच्या अंगणात ताई म्हशीला काय म्हणते ते ऐकत राहते.